जुन्या नाण्यांची पारख



चालकमंडळींनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'जुन्या नाण्यांची पारख' असे सांगितले, आणि पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. त्यांची अपेक्षा किमान वेतनाची असावी, फार तर माथाडी कायद्याची. ज्याची उमेदीची सारी वर्षे हमाल-मापारी आणि जिनिंगमधल्या मजुरांच्या संघटनेत गेली, त्याने राजाराण्यांच्या मुखवट्यांवर व्याख्यान द्यावे हे चमत्कारिक खरेच. शिवाय आमचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. जे झाले ते वाचनालयात आणि बाजार समितीच्या ओट्यावर. म्हणून आधीच सांगून ठेवतो की हा विषय आम्ही हौसेने धरलेला नाही. एका चुकीतून तो आमच्या गळ्यात पडला, आणि ती चूक आमची स्वतःची होती.

आमच्या संघटनेतला एक हमाल मुलीचे लग्न ठरल्यावर एके संध्याकाळी डालडाचा जुना डबा घेऊन आमच्याकडे आला. आई गेल्यावर तो डबा त्याच्याकडे आला होता. आत फडक्यात बांधलेले सतरा रुपये निघाले. काही राणी छापाचे, काही बिनमुकुटाच्या एडवर्डचे, काही पंचम जॉर्जचे. सराफाने चांदीचा भाव सांगितला होता; पण कोणीतरी त्याच्या कानावर घातले होते की मोठ्या शहरात अशा नाण्यांचा लिलाव होतो आणि तिथे चांदीच्या कितीतरी पट दाम येतात. न्यावीत का, एवढेच विचारायला तो आला होता. आम्ही डब्यात डोकावलो. नाणी काळपट, मळकी. आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, "ने की. पण अशी नको नेऊस. घासूनपुसून ने, बघणाऱ्याला चकचकीत दिसू दे." त्याच्या घरी रात्री चिंच भिजत पडली, आणि पहाटेपर्यंत चिंच आणि राख लावून सतराच्या सतरा रुपये आरशासारखे झाले.

लिलाव करणाऱ्यांकडच्या पारख्याने एकेक रुपया कडेला धरून भिंगाखाली घेतला. १९११ सालच्या एका रुपयापाशी तो थांबला. दोन्ही बाजू पाहिल्या आणि एकच शब्द बोलला, "घासलेला." मग त्याने समजावून सांगितले की हे नाणे बाजारात बहुधा फिरलेच नव्हते, टांकसाळीतून निघाले तसे डब्यात जाऊन बसले होते. घासण्यापूर्वी त्याचे जे मोल होते, त्याचा थोडासाच हिस्सा आता शिल्लक आहे.

परत आल्यावर तो गडी रागावला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमीच त म्हटलं व्हतं, घासून ने म्हून."

आता, पारख हा विषय आपल्या गावाला नवा आहे असे कोणी समजू नये. कापसाच्या गाड्यांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. रात्रभर गाडीखाली झोपलेला शेतकरी सकाळी उठून उभा राहतो. प्रत लावणारा ग्रेडर येतो, गाडीत हात घालतो, मूठभर कापूस ओढून धागा ताणून पाहतो, ओल किती, कवडी किती, पत्ती-कचरा किती हे नजरेने तोलतो आणि एक शब्द बोलतो. त्या एका शब्दात वर्षाचा हिशेब होऊन जातो. आम्ही ऐन पंचविशीत पाठीवर बोजा घेऊन हे बघत असू, आणि आम्हांला एकच गोष्ट खटके. ग्रेडर कापसाकडे बघतो आणि शेतकरी ग्रेडरच्या तोंडाकडे बघतो. ज्याचा माल, तो मालाकडे बघतच नाही. नाण्यांच्या लिलावात आम्ही मागच्या खुर्चीवर बसून जे पाहिले ते अगदी हेच.

मराठी माणसाला मात्र एके काळी नाण्याकडे बघता येत असे. भाषाच साक्ष देते. माणूस खणखणीत नाणे असतो, नावाला बट्टा लागतो, शब्द घासून गुळगुळीत होतो. हे सारे सराफाच्या गादीवरून आलेले बोल आहेत. पेशवाईच्या काळात आणि त्यानंतरही अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. आपल्या वऱ्हाडात एलिचपूरचे, पलीकडे नागपूरकर भोसल्यांचे, निजामाचा हाली सिक्का, शिवाय चांदवडी, अंकुशी. प्रत्येकाचा कस निराळा, झीज निराळी. त्यानुसार सराफ दर्शनी किमतीतून जे कापी तो बट्टा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर नाणी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला 'रूपदर्शक' असे स्वतंत्र पदच आहे. पुढे इंग्रजांच्या यंत्रांतून निघालेला एकसारखा कलदार रुपया आला, १८३५ पासून इंग्रजांच्या सर्व मुलखात एकच नाणे झाले, आणि पारखण्याची गरज संपली. गरज संपली म्हणजे नजरही जाते.

आज संग्राहकाच्या बाजारात बट्टा पुन्हा आला आहे, फक्त त्याची नावे इंग्रजी आहेत, आणि ती नावे अडाण्याला हमखास फसवतात. लिलावाच्या सूचीत नाण्यापुढे 'गुड' असे लिहिलेले असले तर आपण म्हणू, वा, चांगले आहे. प्रत्यक्षात 'गुड' म्हणजे अगदी सपाट झालेले, कोणाचे नाणे एवढेच जेमतेम ओळखू यावे असे. 'फाइन' म्हणजे सर्वांगाने झिजलेले, पण अक्षरे वाचता येणारे. 'व्हेरी फाइन' म्हणजे मध्यम झीज. 'एक्स्ट्रिमली फाइन' म्हणजे फक्त उंच जागांवर किंचित स्पर्श. आणि त्याच्या वर 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे व्यवहारात न फिरलेले. दोन पायऱ्यांमध्ये किमतीचा फरक कधी दुप्पट असतो, कधी दसपट.

ह्या पायऱ्यांना आकडे देण्याची युक्ती विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली काढली. अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी त्याने १ ते ७० अशी पट्टी तयार केली. १ म्हणजे निव्वळ ओळखू येणारे नाणे, ७० म्हणजे निर्दोष. त्या काळच्या बाजारात निर्दोष नाणे निकृष्ट नाण्याच्या सत्तर पट किमतीला जाई, म्हणून ७०. तीच पट्टी आज जगभर चालते. १९८६-८७ पासून अमेरिकेत अशा कंपन्या निघाल्या की त्या नाणे तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात. आपल्याकडच्या लिलावांतही अशा डब्या दिसतात. व्यवस्था वाईट नाही. प्रत लावणारा स्वतः विकणारा नसावा, घेणाराही नसावा, हे तत्त्व आम्हांला कापसापासून मान्य आहे. पण शेल्डनसाहेबांची पुढची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले कितीतरी उत्तम सेंट ह्या गृहस्थाने काढून घेतले होते आणि त्यांच्या जागी हलक्या प्रतीचे ठेवले होते. त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी हे उघडकीस आले. ज्याने जगाला पट्टी दिली, त्यानेच असे करावे! तेव्हा डबीवरचा आकडा वाचा, पण आधी नाणे पाहा.

कसे पाहायचे? नाणे बोटांच्या चिमटीत कडेला धरावे, तोंडावर कधीच नाही. बोटाचा घाम धातूवर उमटतो. दिवा एका बाजूला ठेवून नाणे हळूहळू कलते करावे. न वापरलेल्या यंत्राच्या नाण्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा प्रकाश गोल फिरतो. ठशाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या अंगाला सरकतो, त्याच्या बारीक रेषांची ही चमक असते, आणि एकदा गेली की कोणताही कारागीर ती परत आणू शकत नाही. चिंचेने येते ती लकाकी निराळी, सपाट आणि पांढरी, आणि भिंगाखाली तिच्यात एका दिशेचे असंख्य ओरखडे दिसतात. आमच्या हमालाच्या रुपयावर तेच दिसले. चांदीवरचा काळा-निळसर थर, तांब्यावरचा तपकिरी थर हा मळ नव्हे. ती नाण्याची कातडी आहे. तांब्याला हिरवा भुसभुशीत कळंक लागला असेल तर तो मात्र रोग, आणि त्यावरही घरी इलाज करू नये, जाणत्याला दाखवावे.

मग उंच जागा पाहाव्यात, कारण झीज तिथून सुरू होते. राणीच्या रुपयावर कानावरचे केस आणि गाल, एडवर्डच्या रुपयावर कान आणि दाढी, पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटाचे खडे. मागच्या बाजूला वेलबुट्टीची सर्वांत वर आलेली पाने. तिथली रेघ जिवंत आहे की पुसली आहे?

पण हाच नियम हाताने पाडलेल्या नाण्याला लावाल तर फसाल. शिवराई घ्या. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे कडे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण लेख एका नाण्यावर क्वचितच बसतो. 'श्री' अर्धी कापली गेली म्हणून ते नाणे झिजलेले नव्हे. तो टांकसाळीतला हात आहे. अशा नाण्यात किती अक्षरे तुकड्यावर आली, ठसा मध्यावर बसला का आणि जी अक्षरे आली त्यांच्या कडा खड्या आहेत का, हे पाहायचे. दोन दांड्यांची दुदांडी शिवराई नंतरच्या काळातली; ती पुष्कळ सापडते आणि तिचे दाम बेताचे. तीच महाराजांच्या वेळची म्हणून लोकांच्या गळ्यात मारली जाते. सोन्याचा शिवकालीन होन तर इतका दुर्मिळ आहे की कोणी रस्त्यात दाखवला तर तो खोटा समजून पुढे चालू लागावे.

वजन हा गरिबाचा साक्षीदार. चांदीचा सरकारी रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, खेड्यात रुपयाचेच वजन करून तोळा मोजत. सांच्यात ओतलेल्या नकली नाण्याचे वजन सहसा चुकते, त्याच्या अंगावर बारीक छिद्रे असतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ असतात आणि कडेला सांध्याची रेघ दिसते. शिवाय १९४० पासून रुपयातली चांदी अकरा-बारांशांवरून निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. हे ठाऊक नसले तर सराफाकडे उगाच भांडण होते. आम्ही असे एक भांडण सोडवले आहे.

आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरच्या आयाबहिणींच्या अंगावर रुपयांचे दागिने असतात. कडी डागलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने जायबंदी. कडी काढली तरी डागाची खूण राहते आणि भाव घसरतो. पण ज्या बाईने ते कमरेला किंवा गळ्यात घालण्यासाठी करून घेतले, तिला त्यात काय उणे? तो दागिना दागिना म्हणूनच ठेवावा, मोडून नाणी सुटी करू नयेत. दोन्ही बाजारांतून जाण्याचा तो मार्ग आहे.

जुने ते सोने, ही म्हण नाण्यांच्या बाजारात टिकत नाही. गधैया नाणी हजार वर्षांची आहेत, आणि इतकी सापडली आहेत की साध्या नोकरदारालाही परवडतात. राणीच्या रुपयावर १८६२ हे साल दिसले की लोक हरखतात. पण तेच साल १८७४ पर्यंत छापत राहिले, त्यामुळे त्या सालाचे रुपये अमाप आहेत, आणि जाणकार सालाकडे न बघता ठिपक्यांची जागा आणि संख्या मोजतात. उलट १९३९ चा रुपया कालपरवाचा, पण जुन्या कसाच्या चांदीचा तो शेवटचा; फार थोडा बाहेर आला आणि आज त्याला मोठी बोली लागते. म्हणूनच ३८ मधल्या आठाचा नऊ करणारे कारागीरही निघाले. शेवटचा आकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय तो कोणी घेऊ नये.

आणि आमच्या हमालाचा १९११ चा रुपया? पंचम जॉर्जच्या झग्यावर पदकमाळेत एक हत्ती आहे. त्या वर्षीच्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमान समाजातून आक्षेप आला; सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांतले ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. ते सात लाखही बहुतेक हातोहात झिजले. न फिरलेला रुपया म्हणूनच मोलाचा होता. त्याच्या आजीला की आईला तो कोणत्या मजुरीत मिळाला असेल, हे कोणत्याही सूचीत लिहिलेले नसते.

नाण्यावरचा घाव नेहमीच दोष असतो असेही नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलथेंबी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. एका राजाच्या तोंडावर दुसऱ्याची खूण. साध्या नजरेला ते विद्रूप नाणे, पण सातवाहनांनी नहपानाचा पाडाव केला ह्याचा तो धातूतला दाखला आहे. आपल्या शेजारी, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा सापडला. धातू हलका, तांबे-कथलाचे मिश्रण. मोडीत घातला असता तर काही आणे आले असते. महामहोपाध्याय मिराशींनी ती नाणी वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ, कर्ण, शक असे सातकर्णी राजे उजेडात आले. साठा एकत्र राहिला म्हणून हे जमले; दहा जणांनी दहा वाटांनी विकला असता तर ती फक्त कथलाची टिकली राहिली असती.

इथे कायद्याचे दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण मातीच्या भिंती पडत आहेत आणि वाडे उतरत आहेत. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत किंवा तिच्याशी जोडलेल्या कशातही दडवलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. न कळवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही आहे. मूळ मालक कोणी निघाला नाही आणि जमीनमालकाने हक्क सांगितला, तर सापडणाऱ्याला तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक-चतुर्थांश असा हिस्सा ठरलेला आहे. भिंत पाडणाऱ्या मजुरांनी हा आकडा विसरू नये. मात्र सरकारने तो ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर मोबदला किती? धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश. म्हणजे तऱ्हाळ्यासारख्या ठेव्याचे मोल कायद्याच्या काट्यावर कथलाच्या भावाने होणार. लोक ठेवा लपवतात, रातोरात वितळवतात, म्हणून आपण हळहळतो. पण प्रामाणिक माणसाला सराफाहून फक्त पाचवा हिस्सा जास्त देणारा कायदा त्या वितळवणाऱ्याला मदतच करतो. हे कलम बदलावे अशी आमची मागणी आहे आणि ती आम्ही दुसऱ्या व्यासपीठांवरही मांडतो. तोवर मात्र कळवावेच. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही परदेशी असलेल्या भाच्या-पुतण्यांनी ध्यानात ठेवावे.

लिलाव म्हणजे आपली हर्राशीच. फरक इतकाच की माल आधी छापील सूचीत येतो, अंदाजी किंमत दिलेली असते, आणि अडत बहुधा दोन्हीकडून कापली जाते: विकणाऱ्याकडूनही आणि घेणाऱ्याकडूनही. देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: अडत किती, याखाली विकायचे नाही असा तळभाव किती, आणि नाणे विकले गेले नाही तर परत आणण्याचा खर्च कोणाचा. किंमत कोण ठरवतो? सर्वांत श्रीमंत माणूस नव्हे. त्याच्या खालोखाल जो शेवटपर्यंत हात वर ठेवतो, तो. दोन वेडे एका नाण्यासाठी आले तर भाव आकाशाला. एकच आला तर तळभावाच्या एक पायरी वर. म्हणून एका लिलावात अमुक आले हे ऐकून आपल्या नाण्याची किंमत मांडू नये.

आणि जिथे पारख नाहीच, लिलाव नाहीच, नुसते आमिष आहे, त्याबद्दल. वैष्णोदेवीच्या चित्राचे पाच-दहा रुपयांचे नाणे असेल तर लाखो रुपये देऊ, असे निरोप आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर आले असतील. ती नाणी २०१२ साली निघाली, भरपूर निघाली आणि दुकानात दर्शनी किमतीलाच चालतात. आधी नोंदणीचे थोडे पैसे, मग कर, मग कमिशन, असा तो गळ असतो. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही हा धंदा होऊ लागला तेव्हा, ऑगस्ट २०२१ मध्ये, आपण असले व्यवहार करीत नाही आणि कोणाकडून शुल्क मागत नाही, असे बँकेला जाहीर करावे लागले. नाणे विकायला निघालेल्या माणसाने आधी पैसे भरायचे, हे हर्राशीत कधी ऐकले आहे?

आमच्या हमालाने शेवटी ते सतरा रुपये विकले नाहीत. लग्नाचा खर्च संघटनेच्या पतपेढीतून निघाला. १९११ चा रुपया त्याने लेकीला दिला, आणि आता तो पुन्हा हळूहळू काळा पडतो आहे असे ती सांगते. काळा पडू दे, म्हटले. ह्यापुढे कोणी हात लावू नका.

उद्या सकाळी नऊपासून आम्ही ह्याच सभागृहाच्या ओसरीत भिंग आणि काटा घेऊन बसणार आहोत. विकत घेणार नाही, विकून देणार नाही, फी नाही. ज्यांच्या घरी डबे असतील त्यांनी ते आणावेत, नाणी स्वतःच्याच हातात धरावीत आणि भिंगातून आधी स्वतः पाहावे; आम्ही मागून पाहू. फक्त आज रात्री घरी जाऊन कोणी चिंच भिजत घालू नये.